एक घ्या, एक ठेवा

गेले आठ महिने माझ्या शेल्फवर चोरीचं एक पुस्तक आहे. पोलिसात जाण्याइतकी मोठी चोरी नव्हे, पण धूळ पुसताना हात तिथे आला की दर वेळी कसंतरी होतं. झालं असं की मार्चमध्ये मी आणि ऑफिसातली एक मैत्रीण डायविंगसाठी बोनेरला, म्हणजे कॅरिबियनमधल्या एका डच बेटावर, गेलो होतो. इथून आम्स्टरडॅमहून थेट फ्लाइट आहे, नऊ-दहा तासांत तुम्ही नेदरलँड्समधून निघून नेदरलँड्समध्येच उतरता, फक्त मध्ये एक अख्खा अटलांटिक जातो आणि अंगातलं जॅकेट उतरतं. क्रालेंडाइकमध्ये ज्या गेस्टहाउसला उतरलो होतो त्याच्या व्हरांड्यात पुस्तकांचं एक लाकडी शेल्फ होतं, निळ्या रंगाचे पोपडे निघालेलं, खालचा कप्पा खाऱ्या हवेने एका बाजूला कललेला. वर पुठ्ठ्याचा तुकडा खिळ्याने ठोकलेला आणि त्यावर मार्करने डच, इंग्लिश आणि तिथली पापियामेंतू अशा तीन भाषांत एकच नियम लिहिलेला. एक घ्या, एक ठेवा.

मी एक घेतलं. ठेवलं काहीच नाही.

तेव्हा स्वतःला दिलेलं कारण असं की बॅगेत ठेवण्यासारखं पुस्तकच नव्हतं. होता तो एक दिवाळी अंक, तीन वर्षांपूर्वीचा, कव्हरवर चिवड्याच्या तेलाचा डाग पडलेला. आता बोनेरला येऊन मराठी कोण वाचणार, उगाच शेल्फवरची जागा अडवायची, आणि मुळात दिवाळी अंक पुस्तक धरतात का नाही तेही नक्की नाही. बाहेर टॅक्सी उभी, मैत्रीण गेटातून ओरडतेय, अगं चल ना, फ्लाइट सुटेल. वेटसूट अजून ओला होता, त्याला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलं, पुस्तक त्याच्याच वर कोंबलं आणि निघाले. घरी येऊन बॅग उघडली तेव्हा खालचा कोपरा भिजून फुगला होता. तो अजून तसाच आहे, पुस्तक नीट मिटतच नाही.

गेस्टहाउसची मालकीण सत्तरीची होती. मी पहिल्या दिवशी तिला अगदी डच रीतीप्रमाणे मेव्राऊ म्हटलं तर म्हणाली मेव्राऊ बँकेत म्हण, इथे तांता म्हण. तांता म्हणजे मावशी किंवा आत्या. सकाळी ती व्हरांड्यात बसून भेंडी चिरायची आणि मी कॉफी घेऊन शेल्फपाशी उकिडवी बसून पुस्तकं चाळायचे. वरचे दोन कप्पे डच डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांचे, त्या सगळीकडेच असतात. खालचा कप्पा मात्र खास होता, सगळा समुद्र. माशांची ओळख सांगणारी जाड पुस्तकं, बुडालेल्या जहाजांची पुस्तकं, चाच्यांची, खजिन्यांची, शिडाची होडी घेऊन एकट्याने निघालेल्या निवृत्त माणसांची, सत्तर-ऐंशी सालातली डायविंग गाइडं ज्यांचे रंगीत फोटो आता सगळे निळे पडलेत. पानं उलटताना वाळू पडायची. आणि वास, तो नक्की कसला ते सांगता येणार नाही, सुक्या मासळीची रिकामी टोपली आणि सनस्क्रीन यांच्या मधला काहीतरी. पापियामेंतूमधलं एकही पुस्तक नव्हतं. त्या भाषेत फक्त तो नियम होता.

एकदा मी तांताला म्हटलं, तुमचं शेल्फ भारी आहे हं. तिने मान वर न करता सांगितलं, "वाचून संपलेलं ठेवतात सगळे. आवडलेलं कोणी ठेवत नाही."

मी उचललं ते हान्स हासचं. मूळ जर्मन १९४१ चं, माझ्याकडचं १९५१ चं इंग्लिश भाषांतर, ‘डायविंग टु ॲडव्हेंचर’. डायविंगवाल्यांना हा माणूस माहीत असतो, पण बहुतेकांना तो लाल समुद्रातल्या फिल्मांमुळे आठवतो, सुरुवात इथली आहे हे लक्षात नसतं. व्हिएन्नाचा वीस वर्षांचा पोरगा, दोन मित्रांबरोबर १९३९ च्या उन्हाळ्यात क्युरासाव या शेजारच्या बेटावर आणि बोनेरला आला, हातात भाला आणि घरी जोडजाड करून बनवलेली पाण्याखालची कॅमेऱ्याची पेटी. सिलिंडर-बिलिंडर काही नाही, छातीभर श्वास घ्यायचा आणि खाली जायचं. तेवढ्यात तिकडे युरोपात युद्ध सुरू झालं आणि हे तिघे इथेच अडकले, शेवटी अमेरिका, जपान, सैबेरिया असा उलटा वळसा घालून घरी पोचले. शार्क अंगावर आला तेव्हा हा पाण्याखालीच किंचाळला आणि शार्क वळून गेला, मग त्याने ते शस्त्रासारखंच वापरायला सुरुवात केली. पुढे दुसऱ्या समुद्रांतल्या शार्कांनी त्या ओरडण्याला भीक घातली नाही म्हणे, पण हा भाग माझा फार लाडका आहे. मला पाण्याखाली किंचाळायचा अनुभव आहे, झीलंडच्या ग्रेव्हेलिंगनमध्ये, सात डिग्री पाण्यात, ड्रायसूटच्या मानेतून पाणी आत आलं तेव्हा. कोणी वळून गेलं नाही.

पुस्तक वाचताना मजा येते आणि थोड्या वेळाने हात अवघडतो. कारण तो मारत सुटलाय. ग्रूपर दिसला मार, बराकुडा दिसला मार. ज्या खडकांशी हे चाललंय त्या खडकांवर आज साध्या हातमोज्यालाही बंदी आहे, कारण मोजे घातले की माणूस कोरलला धरतो. बोनेरला भाल्याच्या मासेमारीवर १९७१ पासून बंदी आहे आणि १९७९ पासून किनाऱ्याभोवतीचा समुद्र पार्क आहे, नांगर टाकायचा नाही, बोटीने पाण्यावर तरंगणाऱ्या बॉयलाच बांधून घ्यायचं. यातल्या बऱ्याच गोष्टींमागे कॅप्टन डॉन नावाचा एक अमेरिकन होता, १९६२ मध्ये मोडकळीला आलेली शिडाची बोट घेऊन आला तो राहिलाच. तोही आधी मासे मारणाराच. म्हणजे समुद्र वाचवणारी माणसं बहुतेक त्यांच्यातूनच निघाली ज्यांनी तो भरपूर ओरबाडला होता, याला काय म्हणायचं मला कळत नाही.

पण मी ही पुस्तकं का वाचते याचं खरं कारण डायविंग नाही. डायविंग मी पस्तिशीत शिकले, त्याआधी मालवणला एकदा बोटीतून सोडतात तो पाच मिनिटांचा फोटोवाला प्रकार केला होता, हात धरून नेतात, अंगठा दाखवा म्हणतात, झालं. कारण बाबा आहेत. बाबा बोटीवर होते. आमच्याकडे दाभोळ खाडीच्या काठच्या गावांत अमुक काय करतो विचारलं तर "बोटीवर हाय" एवढंच उत्तर असतं, कुठली बोट, कुठला समुद्र हे कोणी विचारत नाही. ते आधी खलाशी आणि नंतर कसाब झाले, कसाब म्हणजे डेकचा स्टोअर सांभाळणारा, दोर, रंग, शॅकल, ग्रीस, सगळ्याचा हिशोब त्याच्याकडे. टँकरवर असताना ते क्युरासावला जायचे, ते त्याला कुरकाव म्हणायचे, शेलची रिफायनरी होती तिथे. लहानपणी मला वाटायचं कुरकाव हे कोकणातलंच कुठलंतरी गाव असेल, चिपळूणच्या पुढे.

कुरकावबद्दल त्यांच्याकडे तीनच गोष्टी होत्या. एक, तिथे पूल पाण्यावर तरंगतो, बोट आली की घंटा वाजते आणि अख्खा पूल दारासारखा बाजूला सरकतो, आणि माणसं त्याच्यावर उभीच्या उभी, कोणी उतरत नाही. दोन, गावात सिंध्यांची दुकानं, तिथे हिंदीत भाव करता येतो, आईचं जपानी कापडाचं पातळ तिथलं. तीन, वास. रिफायनरीचा वास अंगाला इतका चिकटायचा की भातालासुद्धा लागायचा म्हणे. पाण्याचा रंग कसा होता बाबा, असं विचारलं तर म्हणायचे पाण्याचा काय रंग, पाणी ते पाणी. ते समुद्रात पोहायला कधीच उतरले नाहीत, तिथेही नाही, गावातही नाही. "समुद्र कामाचा. पवायला बाव हाय ना."

तरंगता पूल मी क्युरासावच्या विलेमस्टाडला जाऊन पाहिला. १८८८ सालचा आहे, खाली होड्यांची रांग, वर लाकडी फळ्या. मी मुद्दाम तासभर घुटमळले आणि घंटा वाजल्यावर उतरले नाही. पूल सरकतो तेव्हा पायाखाली अगदी थोडं थरथरतं, एसटी न्यूट्रलवर उभी असताना थरथरते तसं, आणि समोरची पिवळी-गुलाबी घरं हळूहळू डावीकडे जायला लागतात. बाबांनी हे टँकरच्या डेकवरून पाहिलं असणार. ते जिथून पाहत होते तिथून पुलावर उभी असलेली माणसं कशी दिसत असतील, बावळट दिसत असतील बहुतेक.

तर बाबा गेल्यावर मी या समुद्रावरची मिळतील ती पुस्तकं गोळा करायला लागले. डेव्हेंटरला ऑगस्टमध्ये जुन्या पुस्तकांचा मोठा बाजार भरतो, आयसेल नदीच्या काठाने स्टॉलच स्टॉल, तिथे मी दर वर्षी जाते आणि पाठदुखी घेऊन येते. तिथेच मला एक्सकेमेलिन मिळाला. चाच्यांवरची जी काय पुस्तकं-सिनेमे आपण पाहतो त्यांचा हा खापरपणजोबा, १६७८ मध्ये आम्स्टरडॅमला छापलेलं, लिहिणारा स्वतः टॉर्टुगा बेटावर बंधपत्रावर विकलेला नोकर आणि नंतर चाच्यांच्या जहाजावरचा शल्यविशारद, म्हणजे हातपाय कापणारा हाच. जुनं डच वाचायला म्हणून घेतलं, अर्थात सोप्या भाषेतली आवृत्ती, आणि सुरुवातीच्याच एका यादीपाशी अडकले. सफरीवर निघण्यापूर्वी चाचे करार करायचे, त्यात जखमेची भरपाई ठरलेली असायची. उजवा हात गेला तर ६०० पीसेस ऑफ एट, म्हणजे आठ-आठ रेआलची स्पॅनिश चांदीची नाणी, किंवा सहा गुलाम. डावा हात ५०० किंवा पाच गुलाम. उजवा पाय ५०० किंवा पाच, डावा ४०० किंवा चार. एक डोळा १०० नाणी किंवा एक गुलाम. बोट गेलं तरी तेवढंच.

हे मी ट्रेनमध्ये वाचत होते, झ्वोल्लाच्या आसपास. आजूबाजूला सगळे मोबाइलमध्ये. पहिल्यांदा वाचताना कौतुकच वाटलं होतं हो, बघा, सतराव्या शतकात चाच्यांकडे अपघात विमा होता, बाबांच्या वेळच्या कित्येक बोटींवर नव्हता. अशा अर्थाचे लेखही खूप दिसतात, चाचे कसे लोकशाहीवादी वगैरे. दुसऱ्यांदा वाचताना ‘किंवा’ दिसला. शंभर नाणी *किंवा*. म्हणजे तो माणूस सुट्या पैशांसारखा त्या यादीत पडलेला आहे, आणि त्याचा डोळा गेला तर काय याला अर्थातच रकाना नाही. गंमत म्हणजे या पुस्तकावर चाच्यांचा म्होरक्या हेन्री मॉर्गनने लंडनच्या प्रकाशकांवर अब्रुनुकसानीचा दावा लावला होता आणि दोनशे पौंड मिळवले होते. पुस्तकात त्याच्या क्रूरपणाची पानंच्या पानं आहेत, पण त्याला जास्त झोंबलं ते म्हणे हे, की तू बार्बाडोसला नोकर म्हणून विकला गेला होतास असं लिहिलं.

त्याच्याही मागे गेलं तर लास कासास हा स्पॅनिश पाद्री. १५५२ चं त्याचं छोटं पुस्तक, त्यात मोती काढणाऱ्यांवर एक प्रकरण आहे. आज व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याजवळ कुबाग्वा नावाचं कोरडं ठाक बेट आहे, तिथे मोत्यांचे शिंपले सापडले आणि स्पॅनिश लोकांनी बहामातून लुकायन माणसं धरून आणली, कारण ती पाण्यात मुरलेली होती. तीन, चार, पाच वाव खोल, सकाळपासून सूर्य मावळेपर्यंत. वर येऊन जरा दम खाल्ला तर होडीतला मुकादम मारायचा. तोंडातून रक्त पडून माणसं मरायची, आणि जगलेल्यांचे काळे केस जळून समुद्री लांडग्याच्या, म्हणजे सीलच्या, लवेसारखे व्हायचे, पाठीवर मीठ फुटायचं. या समुद्रातल्या डायविंगवरचं मी वाचलेलं सगळ्यात जुनं लिखाण हेच. माझ्या डायविंग कोर्सच्या पुस्तकात इतिहासाचं एक पान होतं, त्यात अलेक्झांडर होता, काचेच्या पिंपात बसलेला. लुकायन नव्हते.

हास पाण्यात उतरला तोही छातीतल्या श्वासावरच, त्यानंतर चार शतकांनी, गंमत म्हणून. दोघांच्या मध्ये आणखी एक जण येतो, विल्यम फिप्स. १६४१ मध्ये हिस्पॅनिओलाच्या उत्तरेला ‘कॉन्सेप्सिओन’ नावाचं स्पॅनिश चांदीचं जहाज खडकावर फुटलं होतं, ते या फिप्सने १६८७ मध्ये शोधून काढलं, दोन लाख पौंडांच्या वर माल निघाला, राजाने त्याला सर केलं, पुढे मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर झाला. प्रत्यक्ष खाली गेले ते काळे आणि इंडियन पाणबुडे. माझ्याकडे खजिन्यांवरचं एक पुस्तक आहे, जाड, नकाशे-बिकाशे असलेलं, त्याच्या शेवटच्या सूचीत फिप्सच्या नावापुढे पान नंबरांच्या तीन ओळी आहेत. पाणबुड्यांना एक शब्द आणि दोन पानं. मला ही सवयच लागलीय आता, पुस्तक हातात आलं की आधी मागची सूची उघडायची आणि कोण कोण आहे ते बघायचं. पोर्ट रॉयलवरच्या पुस्तकात तर एक घड्याळ इतकं मोठं झालंय की माणसं दिसेनाशी होतात. ७ जून १६९२, भूकंप, जमैकाचं ते बंदर दोन तृतीयांश समुद्रात गेलं, आणि १९५९ मध्ये तळातून एक खिशातलं घड्याळ वर आलं, काटे कधीच विरघळलेले, पण एक्स-रे काढला तर त्यांची खूण ११ वाजून ४३ मिनिटांवर. कुणाच्या खिशातलं ते मात्र कोणाला सांगता आलं नाही.

बोनेरला डाइव्ह साइट शोधायच्या म्हणजे रस्त्याच्या कडेचे पिवळे दगड शोधायचे. दगडावर काळ्या अक्षरांत नाव असतं. पिकअप भाड्याने घ्यायचा, मागे सिलिंडर टाकायचे, दगड दिसला की थांबायचं, काचा खाली करूनच ठेवायच्या म्हणजे चोर निदान काच तरी फोडत नाही, आणि तुटक्या कोरलवरून लडखडत पाण्यात शिरायचं. दक्षिणेला मिठागरं आहेत. डावीकडे गुलाबी पाणी, त्याच्यामागे पांढऱ्या मिठाचे डोंगर, वारा एवढा की फेस साबणासारखा रस्त्यावर उडून येतो. तिथे एका दगडावर नाव होतं ‘व्हाइट स्लेव्ह’. आम्ही उतरलो, सुंदर डाइव्ह झाला, मी लॉगबुकात लिहिलं, व्हाइट स्लेव्ह, १९ मीटर, ५४ मिनिटं, कासव १, प्रवाह मध्यम. मग बाहेर येऊन सावली शोधली. सावली एकाच ठिकाणी होती, रस्त्यालगतच्या चुन्याच्या बुटक्या घरांची. दार माझ्या कमरेएवढं. त्या भिंतीला टेकून आम्ही चीज सँडविच खाल्लं, मैत्रिणीने नागपूरहून आणलेला ठेचा लावून.

ती गुलामांची घरं होती. म्हणजे मला ते माहीत होतं, वाचलेलं होतं, १८५० साली बांधलेली, मिठावर काम करणाऱ्यांना रात्री रांगत आत शिरून झोपायला. कॅरिबियनमधल्या डच वसाहतींत गुलामी संपली १ जुलै १८६३ ला, म्हणजे घरं बांधून तेरा वर्षांनी. किनाऱ्यावर रंगीत ओबेलिस्क आहेत, कुठल्या ठिकाणी मीठ भरायचं ते जहाजांना लांबून कळावं म्हणून. माणसांची घरं उत्तरेला रिंकॉनमध्ये, आठवड्याच्या शेवटी सहा-सात तास चालत जायचं आणि परत यायचं. हे सगळं मला माहीत असून ठेच्याची बाटली उघडताना त्यातलं काही आठवलं नाही. आठवलं ते संध्याकाळी, लॉगबुकात शिक्का मारून घेताना, जेव्हा गाइड पोराने ओळ मोठ्याने वाचली. "व्हाइट स्लेव्ह, वन टर्टल. नाइस."

आईचं माहेर उरणचं, मिठागरं मी लहानपणी पाहिलीयेत. आजोळच्या बायकांच्या टाचांना भेगा असायच्या आणि त्या भेगांत मीठ जाऊ नये म्हणून काय काय चोपडलेलं असायचं, तरी जायचंच. बोनेरचं मीठ कशाला लागत होतं तर डचांना हेरिंग मासे खारवायला. आता आमच्या आम्स्टलव्हेनच्या बाजारात तोच हेरिंग मिळतो, कच्चा, वर बारीक कांदा, शेपटी धरून तोंडात सोडायचा. मला प्रचंड आवडतो. बांगडा खाऊन वाढलेल्या माणसाला आवडणारच. आता खाताना मध्येच ते कमरेएवढं दार डोळ्यांपुढे येतं आणि तरी मी दुसरा घेते.

तांताला मी त्या घरांबद्दल विचारलं. ती मूळ रिंकॉनचीच. मला वाटलं काही सांगेल, जुनं, ऐकलेलं. ती म्हणाली, शाळेची सहल तिकडे जायची तेव्हा ऊन फार लागायचं. एवढंच. मग तिने विचारलं तुझा बाप कुरकावला यायचा तो काय काम करायचा. मी सांगितलं. ती म्हणाली तिचा भाऊ रिफायनरीत होता, जेट्टीवर, टँकरचे दोर धरायला. आम्ही दोघी थोडा वेळ गप्प बसलो. भाऊ सत्तर सालापासून पंच्याऐंशीपर्यंत तिथे होता, बाबाही त्याच दरम्यान. दोर बोटीवरून बाबांच्या स्टोअरमधला, खाली धरणारा कदाचित तिचा भाऊ. कदाचित. असे शेकडो टँकर यायचे.

शेवटच्या आधीच्या दिवशी ‘हिल्मा हुकर’ केला. बोनेरचा सगळ्यात प्रसिद्ध रेक, म्हणजे बुडालेलं जहाज, ७२ मीटरचं मालवाहू जहाज, खोट्या भिंतीमागे गांजा सापडला म्हणून अडकवून ठेवलेलं, मालक काही पुढे आला नाही, पाणी शिरत राहिलं आणि १२ सप्टेंबर १९८४ ला ते आडवं होऊन खाली गेलं. तीस मीटरवर उजव्या कुशीवर झोपलंय. एवढ्या खोलीवर लाल रंग नाहीसा होतो, सगळं राखाडी-निळं, आणि नायट्रोजनने डोकं किंचित हलकं झालेलं असतं, एक पेग पोटात गेल्यासारखं. बाकीचे सगळे प्रोपेलरकडे फोटो काढायला गेले. मी नाळेकडे गेले, कारण रंगाचं आणि दोरांचं स्टोअर बोटीच्या पुढच्या टोकाला असतं असं बाबांकडून ऐकलेलं. जहाज आडवं असल्यामुळे डेक भिंतीसारखी उभी. एक उघडं दार होतं, काळं, आत शिरायला मनाई आहे आणि शिरायची हिंमतही नव्हती. दिवा मारला. आत छोटे चंदेरी मासे भरलेले, प्रकाश पडला की सगळे एकदम वळायचे. दोन मिनिटं बघत राहिले, मग मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर वाजायला लागला.

जुन्या डायविंग गाइडांचंही मला असंच होतं. तांताच्या शेल्फवरच्या एकात, जुन्या छपाईच्या, ठळक अक्षरांत सूचना होती की काळ्या लांब काट्यांच्या सी अर्चिनपासून फार जपा, पाय ठेवायला जागा नसते. मी सात दिवसांत मोजून अकरा पाहिले. १९८३ मध्ये पनामाकडून एक रोग सुरू झाला आणि वर्षभरात अख्ख्या कॅरिबियनमधले हे अर्चिन नव्वद टक्क्यांहून जास्त मेले, त्यांनी खायचं ते शेवाळ मग कोरलवर चढलं. आणि २०२३ पासून बोनेरला कोरलचाच एक रोग आलाय, डाइव्ह झाला की सगळं सामान औषधाच्या टबात बुचकळायचं. म्हणजे लेखकाने काळजीपोटी घातलेली सूचना आता मृत्युलेखासारखी वाचावी लागते. त्या पानावर कोणीतरी पेन्सिलने उद्गारचिन्ह काढलं होतं, बहुतेक काटा लागला असेल बिचाऱ्याला.

परत आल्यावर मी बाबांची सीडीसी काढली, ट्रंकेतून, डांबरगोळ्यांच्या वासासकट. बोटीवरच्या माणसाची हीच वही. जहाजाचं नाव, कुठे चढला, कुठे उतरला, तारीख, कॅप्टनची सही, आणि वागणुकीचा शिक्का, व्हेरी गुड. पानामागून पान व्हेरी गुड, व्हेरी गुड. माझ्या डाइव्ह लॉगसारखीच दिसते, फक्त कासव नाही. कुरकाव शोधलं. एकदाही नाही. कारण वहीत फक्त चढलेलं आणि उतरलेलं बंदर लिहितात, मुंबई, रॉटरडॅम, सिंगापूर, मुंबई. मधली बंदरं त्याच्यात येतच नाहीत. तरंगता पूल, सिंध्याचं दुकान, भाताला लागलेला वास, हे सगळं कुठेच नाही.

आणि तो दिवाळी अंक. आठ महिने मी जे कारण सांगत होते ना, मराठी तिथे कोण वाचणार, ते खोटं होतं. त्यात एक कथा आहे, ती मी तीन वर्षांत कितीदा वाचली असेन, प्रवासात तो अंक बॅगेत असतोच. मला तो द्यायचा नव्हता. तांता म्हणाली तेच.

काल शेवटी दोन्ही एका पाकिटात घातले. आमच्याकडे पोस्टाचं काउंटर सिगारेट आणि ग्रीटिंग कार्डांच्या दुकानात असतं, विशीतला एक मुलगा बसतो. पत्ता बघून म्हणाला बोनेर म्हणजे कस्टम्सचा फॉर्म भरावा लागेल. मी म्हटलं अरे पण देश तर एकच आहे. तो म्हणाला देश एक, कस्टम्स वेगळं. आत काय? जुनी पुस्तकं. किती? दोन. मग किमतीचा रकाना आला. हासच्या पहिल्या पानावर कोपऱ्यात कुठल्यातरी जुन्या दुकानदाराने पेन्सिलने २.५० लिहिलेलं आहे, ते गिल्डर, आता नोटा संग्रहालयात. अंकाची किंमत रुपयांत. मी म्हटलं काही किंमत नाही, भेट आहे, शून्य लिही. शून्य सिस्टिम घेत नाही म्हणाला. माझ्या मागे दोन माणसं, एक जण पार्सल या हातातून त्या हातात घेतोय. मी म्हटलं बरं, पाच युरो लिही.

त्याने मान वर केली. "दोन्हींचे मिळून, की एकेकाचे?"